'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट', ख्रिस्ती प्रेक्षक आणि हॉलीवूड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की हे प्रश्न यायला लागतात. कुणी हा चित्रपट पहिल्यांदाच पाहिलेला असतो, कुणाला तो आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दाखवायचा असतो, तर कुणाच्या घरात त्यावरून चांगलंच वाजलेलं असतं. बहुतेक प्रश्न मेल गिब्सनच्या या एकाच चित्रपटाभोवती फिरतात. त्यातूनच मग ख्रिस्ती प्रेक्षक आणि चित्रपटवाले यांच्या जुन्या नात्याचे प्रश्न निघतात. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

१. हा चित्रपट म्हणजे येशूचं पूर्ण चरित्र आहे का?

नाही. गेथशेमाने बागेतल्या प्रार्थनेपासून क्रूसावरच्या मरणापर्यंतचे जेमतेम बारा तास त्यात आहेत. डोंगरावरचं प्रवचन, शेवटचं भोजन हे सगळं आठवणींच्या तुकड्यांतून येतं. पुनरुत्थान अगदी शेवटी, फार थोड्या वेळात उरकलं आहे. शिळा सरकते, प्रेतवस्त्र रिकामं होऊन खाली बसतं आणि हातातलं खिळ्याचं भोक दिसतं.

चित्रपट अमेरिकेत २५ फेब्रुवारी २००४ रोजी, म्हणजे उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी लागला. चित्रीकरण इटलीत, मातेरा या जुन्या दगडी गावात आणि रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत झालं. जिम कॅव्हिझेल येशूच्या आणि माया मॉर्गनस्टर्न त्याची आई मरियेच्या भूमिकेत आहेत. संवाद अरामी, हिब्रू आणि लॅटिन भाषांत असून पडद्याच्या तळाशी त्यांचं भाषांतर दिसतं.

पूर्ण चरित्र हवं असेल तर झेफिरेल्लीची १९७७ ची 'जीझस ऑफ नाझरेथ' ही मालिका आहे. १९७९ चा 'जीझस' बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला असून तो मराठीतही उपलब्ध आहे. विजयचंदर यांचा मूळ तेलुगू 'करुणामयुडू' (१९७८) हिंदीत 'दयासागर' म्हणून गावोगावी पडद्यावर दाखवला गेला. तो पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे.

२. सगळं शुभवर्तमानात आहे तसंच दाखवलंय ना?

हा गैरसमज सर्वांत जास्त पसरलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. चित्रपटाचा सांगाडा चारही शुभवर्तमानांचा आहे, पण त्यावरचं बरंचसं मांस दुसरीकडून आलं आहे. ॲन कॅथरिन एमेरिक (१७७४–१८२४) या जर्मन जोगिणीला ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे दृष्टान्त होत. ते क्लेमेन्स ब्रेंटानो या कवीने लिहून काढले. चित्रपटातले कितीतरी प्रसंग तिथले आहेत. अटकेनंतर शिपाई येशूला पुलावरून खाली लोटतात आणि तो साखळदंडांना लटकतो, हे एमेरिकचं. फटक्यांनंतर रोमन सुभेदार पिलाताची बायको मरियेला स्वच्छ कापड आणून देते आणि मरिया व मग्दालिया गुडघ्यांवर बसून फरशीवरचं रक्त टिपतात, हेही एमेरिकचं. मत्तयात पिलाताच्या बायकोचा उल्लेख एकाच वचनात आहे (२७:१९). तिला स्वप्न पडलं, एवढंच.

येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका परंपरेतली आहे. 'क्रूसाची वाट' ही चौदा स्थानांची प्रार्थना करताना सहाव्या स्थानावर आपण तिला भेटतोच. गर्दीतून फिरणारा, ना धड पुरुष ना धड स्त्री वाटणारा सैतान ही दिग्दर्शकाची कल्पना. दुसऱ्या चोराचा डोळा टोचणारा कावळा कुठल्याच शुभवर्तमानात नाही.

भाषेचंही तसंच. पूर्वेकडच्या रोमन प्रांतांत कारभार मुख्यतः ग्रीकमध्ये चाले, त्यामुळे पिलात आणि येशू लॅटिनमध्ये बोलतात हे अनेक अभ्यासकांना पटलं नाही. संवादांची भाषांतरं मात्र विल्यम फुल्को या जेझुइट अभ्यासकाने मेहनतीने केलेली आहेत.

यातलं काहीच पाप नाही. शतकानुशतकं चित्रकार हेच करत आले. पण चित्रपट पाहून आल्यावर मत्तयाचे २६ आणि २७ हे अध्याय घरी शांतपणे वाचावेत. किती गोष्टी तिथे नाहीत आणि किती गोष्टी पडद्यावर आल्याच नाहीत, ते तासाभरात कळतं.

३. इतका कॅथलिक चित्रपट, मग प्रोटेस्टंट मंडळ्यांनी उचलून का धरला?

मलाही हा प्रश्न सर्वांत रोचक वाटतो. वेरोनिका, मरियेचं सततचं सान्निध्य, क्रूसावरच्या दृश्यांत मिसळलेली शेवटच्या भोजनातली भाकर, ही सगळी मांडणी मिस्साबलिदानाच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या श्रद्धेतून आलेली आहे. एरवी अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांना ती खटकली असती. पण त्यांच्या शिकवणुकीचा गाभा 'येशूने माझ्या पापांसाठी रक्त सांडलं' हाच आहे आणि पडद्यावर नेमकं तेच, कुठलीही सारवासारव न करता दाखवलं होतं. त्यांचे प्रसिद्ध प्रवचनकार बिली ग्रॅहम यांनी चित्रपट पाहून डोळ्यांत पाणी आल्याचं सांगितलं. त्यानंतर पाळकांमध्ये फारशी शंका उरली नाही.

मरियेबद्दल एक दृश्य सांगते. क्रूस घेऊन येशू पडतो. मरिया गल्लीच्या कडेला थिजून उभी आहे. तिला लहानगा येशू धावताना पडलेला आठवतो, आणि मग ती पळत सुटते. "मी आहे," एवढंच म्हणते. येशूच्या तोंडी 'मी सर्व काही नवीन करतो' हे वचन आहे. ते प्रकटीकरणातलं (२१:५), दुःखसहनाच्या वृत्तान्तातलं नव्हे. पण आजवर ज्या ज्या पाळकांशी या चित्रपटाबद्दल बोलणं झालं, त्यांतल्या एकानेही या दृश्यावर हरकत घेतली नाही. मरियेकडे आई म्हणून पाहायला पंथ आड येत नाही.

४. एवढी हिंसा कशाला? हे भक्तीचं आहे की नुसतं रक्त?

फटके मारण्याची घटना शुभवर्तमानांत एकेका ओळीत आहे (योहान १९:१ पाहा). पडद्यावर ती मिनिटामागून मिनिटं चालते. आधी वेताच्या छड्या, मग टोकाला अणकुचीदार तुकडे बांधलेले चाबूक. समीक्षक रॉजर एबर्ट यांनी चार तारे दिले, आणि आपण पाहिलेला हा सर्वांत हिंसक चित्रपट असंही लिहिलं.

ज्यांना तो भावला ते म्हणतात, आपण क्रूसाची इतकी सवय करून घेतली आहे की गळ्यातल्या लॉकेटमागे एक छळ करून मारलेला माणूस आहे हे विसरतो. चित्रपट ते विसरू देत नाही. ज्यांना खटकला ते म्हणतात, तारण किती फटके बसले यावर ठरत नाही आणि येशू काय बोलला, कुणाबरोबर जेवला, हे त्या रक्ताखाली झाकलं गेलं. माझं मत दुसऱ्या बाजूकडे झुकतं. फटक्यांचं दृश्य निम्म्यावर थांबलं असतं तरी काही उणं पडलं नसतं. पण पहिल्या बाजूचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही, कारण या चित्रपटानंतर वर्षानुवर्षांनी पापनिवेदनाला गेलेली माणसं मला माहीत आहेत.

५. चित्रपट यहूदीविरोधी आहे असं का म्हणतात? येशू स्वतः यहूदीच होता ना?

होता. मरिया, पेत्र, योहान, सगळेच यहूदी. मरियेचं काम करणारी अभिनेत्रीसुद्धा यहूदी आहे. तरीही आक्षेप खरा आहे आणि तो 'ख्रिस्ती लोकांवरचा हल्ला' म्हणून झटकून टाकू नये.

मत्तय २७:२५ मध्ये जमाव म्हणतो, 'त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो.' या एका ओळीच्या आधारे युरोपात शतकानुशतकं सगळ्या यहूदी समाजाला ख्रिस्ताचे मारेकरी ठरवलं गेलं. पवित्र आठवड्यातल्या दुःखसहनाच्या नाटकांनंतर यहूदी वस्त्यांवर हल्ले झाले. म्हणूनच १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नॉस्त्रा एताते' या घोषणापत्रात स्पष्ट केलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या यहूदींवर किंवा आजच्या यहूदींवर ठेवता येणार नाही. १९८८ मध्ये अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी दुःखसहनाच्या नाट्यरूपांसाठी निकषही छापले.

२००३ मध्ये कॅथलिक आणि यहूदी अभ्यासकांच्या एका गटाने पटकथा वाचून इशारा दिला होता. पिलात विचारी, हळवा आणि कोंडीत सापडलेला दिसतो. यहूदी महायाजक कयफा आणि त्याच्या भोवतीचे याजक मात्र एकसुरी क्रूर. इतिहासातला पिलात इतका हळवा नव्हता हे यहूदी इतिहासकार जोसेफसच्या लिखाणावरून कळतं. वादानंतर रक्ताच्या त्या ओळीचं भाषांतर पडद्याखालून काढलं गेलं, पण अरामीतली ओळ ध्वनिफितीत राहिली.

आपल्यासाठी ही दूरची गोष्ट नाही. अलिबाग-पनवेल पट्ट्यातले बेने इस्राएल यहूदी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आपल्यात राहिले. तुमच्या गावी पवित्र शुक्रवारी (गुड फ्रायडेला) क्रूसाच्या वाटेचा सजीव देखावा होत असेल, तर याजकांच्या भूमिका कशा रंगवता, त्यांच्या तोंडी काय घालता, ते वरच्या निकषांच्या नजरेने एकदा तपासा.

६. पोपनी चित्रपट पाहून 'हे असंच घडलं होतं' म्हटलं, हे खरं का?

डिसेंबर २००३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी चित्रपट पाहिला आणि तसं म्हटलं, अशी बातमी आली. जानेवारीत त्यांचे सचिव स्तानिस्वाव जिविश यांनी ती नाकारली. त्यानंतर व्हॅटिकनने, पोप कलाकृतींवर जाहीर मत देत नाहीत, असं निवेदन काढलं. ते वाक्य पोपचं म्हणून कुठल्याही पत्रकावर छापू नये.

७. हॉलीवूडने ख्रिस्तद्वेषापोटी हा चित्रपट नाकारला ना?

मोठ्या स्टुडिओंनी हात लावला नाही, एवढं खरं. गिब्सनच्या आयकॉन कंपनीने निर्मितीचे सुमारे ३ कोटी डॉलर स्वतः घातले आणि अमेरिकेत वितरण न्यूमार्केट या छोट्या कंपनीकडून करून घेतलं. पण कारण फक्त द्वेष होतं असं म्हणता येत नाही. बोलीभाषेत नसलेले संवाद, प्रचंड हिंसा, प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आणि वर्षभर आधीच पेटलेला वाद, असं जोखमीचं पुडकं कुठलाही व्यापारी दोनदा विचार करूनच उचलेल. पैसा दिसल्यावर सूर बदलला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत डीव्हीडी बाजारात आणली ती ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने.

८. मग तो एवढा चालला कसा?

चर्चमुळे. प्रदर्शनाच्या आधीचे काही महिने गिब्सन देशभर पाळकांना आणि धर्मगुरूंना चित्रपट दाखवत फिरला. मंडळ्यांनी खेळच्या खेळ विकत घेतले, तिकिटं शेजाऱ्यांना वाटली, रविवारचे उपदेश त्याच विषयावर झाले. पहिल्याच दिवशी तो ३,००० हून जास्त चित्रपटगृहांत लागला. पुढे एकट्या अमेरिका-कॅनडात सुमारे ३७ कोटी डॉलर आणि जगभरात ६१ कोटींच्या वर कमाई झाली. अमेरिकेतल्या प्रौढ प्रमाणपत्राच्या चित्रपटांमधला त्याचा कमाईचा विक्रम २०२४ पर्यंत टिकला.

यातली एक गोष्ट मला तेव्हाही बोचली, आजही बोचते. व्यासपीठावरून चित्रपटाची जाहिरात होऊ लागली आणि 'पाहिला नाहीस? मग कसला ख्रिस्ती?' असा सूर निघाला. चित्रपट चांगला असो की वाईट, वेदीपुढची जागा तिकीट खपवण्याची नाही.

९. त्यानंतर चित्रपटसृष्टी ख्रिस्ती प्रेक्षकांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली का?

बघायला लागली, पण बाजारपेठ म्हणून. फॉक्सने २००६ मध्ये 'फॉक्सफेथ' हा वेगळा विभागच काढला. त्याच वर्षी न्यू लाइनच्या 'द नेटिव्हिटी स्टोरी'चा पहिला खेळ थेट व्हॅटिकनमध्ये झाला, तरी तिकीटखिडकीवर त्याला 'पॅशन'च्या जवळपासही जाता आलं नाही. मोठ्या कंपन्यांना वाटलं होतं, विषय येशूचा असला की प्रेक्षक आपोआप येतील. तसं झालं नाही. २०१४ मध्ये 'नोआ'च्या वेळी धार्मिक प्रेक्षक नाराज झाले, तेव्हा पॅरामाउंटने जाहिरातींत 'ही कथा प्रेरणेतून घडवलेली आहे' अशा अर्थाचा खुलासा जोडला.

खरा बदल खालून झाला. जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी इथल्या एका बॅप्टिस्ट मंडळीने स्वयंसेवक घेऊन सुमारे ५ लाख डॉलरमध्ये 'फायरप्रूफ' (२००८) बनवला. त्याने ३ कोटींहून जास्त मिळवले. पुढे येशूच्या जीवनावरची 'द चोझन' ही मालिका सामान्य लोकांनी घातलेल्या १ कोटीहून जास्त डॉलरवर उभी राहिली. या घरगुती चित्रपटांत अनेकदा उपदेश जास्त आणि कला कमी असते. पण परवानगीसाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही, हे लहानसहान यश नव्हे.

१०. ऑस्कर का मिळालं नाही?

छायाचित्रण, रंगभूषा आणि पार्श्वसंगीत अशी तीन नामांकनं होती. तिन्हींत दुसरे जिंकले. कॅलेब डेशॅनेलच्या छायाचित्रणावर अन्याय झाला असं मला वाटतं.

११. पूर्वी ख्रिस्ती लोक चित्रपटांविरुद्ध मोर्चे काढायचे. त्याने काही साधलं का?

१९८८ मध्ये येशूला माणसासारखे मोह पडताना दाखवणाऱ्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट'च्या वेळी हजारो लोक युनिव्हर्सल स्टुडिओसमोर जमले. बिल ब्राइट या इव्हँजेलिकल नेत्याने तर खर्च भरून देतो, पण फीत नष्ट करा असा प्रस्ताव ठेवला. स्टुडिओने वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन तो फेटाळला. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या सँ-मिशेल चित्रपटगृहाला आग लावली गेली आणि माणसं भाजली. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी स्वतः कॅथलिक घरातला, तरुणपणी धर्मगुरू व्हायचं स्वप्न पाहिलेला माणूस. पण त्याच्याशी श्रद्धेबद्दल बोलायची संधी त्या गोंगाटात गेली. चित्रपट फारसा चालला नाही, पण त्या आगीचा डाग निषेध करणाऱ्या प्रामाणिक लोकांनाही लागला.

१२. आपल्याकडे असं कधी झालं का?

२००६ मध्ये येशूचं लग्न झालं होतं अशी कल्पना मांडणाऱ्या कादंबरीवरच्या 'द दा विंची कोड'च्या वेळी मुंबईत कॅथलिक संघटनांनी निदर्शनं केली, उपोषणही झालं. केंद्राने चर्चच्या प्रतिनिधींना चित्रपट दाखवला, आणि 'ही काल्पनिक कथा आहे' अशा खुलाशासह प्रौढ प्रमाणपत्र देऊन तो लावला गेला. गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली. आंध्र प्रदेशातली बंदी उच्च न्यायालयाने उठवली आणि देशभर बंदीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. माझ्या मते खुलासा हा योग्य तोडगा होता. बंदीमुळे ज्यांनी कादंबरीचं नावही ऐकलं नव्हतं, तेही ती शोधायला लागले.

१३. मराठी चित्रपटसृष्टीचा ख्रिस्ताच्या चित्रपटाशी संबंध आहे असं ऐकलं. कसा?

दादासाहेब फाळक्यांनी गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पुढे १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनी लिहिलं की ख्रिस्ताचं चरित्र डोळ्यांपुढून सरकत असताना मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसत होती. त्यातून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आला. एका धर्माचा चित्रपट पाहून दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपली कथा सुचावी, याचा मला फार आनंद वाटतो. ख्रिस्ती प्रेक्षक म्हणून आपण चित्रपटांबद्दल बोलायला बसतो, तेव्हा फाळक्यांची ही आठवण मी आवर्जून काढते.

१४. सभागृहात सगळे रडत होते, मला काहीच झालं नाही. माझा विश्वास कमी आहे का?

नाही. अश्रू हे विश्वासाचं माप नाही. काहींना असं रक्त बघवत नाही. ज्यांच्या घरात मारहाण झाली आहे, त्यांना तर हे दृश्य जुन्या जखमेवर बोट ठेवल्यासारखं होतं. अशांनी उठून बाहेर जावं, आणि कुणी त्यांना थांबवू नये.

१५. दिग्दर्शकाचं वागणं कळल्यावरही हा चित्रपट भक्तीसाठी वापरावा का?

२००६ मध्ये दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाल्यावर गिब्सन यहूदींबद्दल अत्यंत घाणेरडं बोलला आणि नंतर त्याने जाहीर माफी मागितली. प्रश्न ५ मधल्या आक्षेपाला त्यामुळे वजन आलं, हे मान्य करायला हवं. तरी कॅव्हिझेलचा अभिनय, मॉर्गनस्टर्नची मरिया, शेकडो लोकांचे कष्ट एका माणसाच्या तोंडाने पुसले जात नाहीत. दाखवायचा तर त्या दिवशी 'नॉस्त्रा एताते'मधला उतारा आधी वाचून दाखवावा, असा माझा आग्रह असतो.

१६. मुलांना दाखवावा का? कमी हिंसेची आवृत्ती आहे म्हणतात.

मार्च २००५ मध्ये सुमारे पाच मिनिटं कापलेली आवृत्ती अमेरिकेत लावली होती. त्यातही फटके आणि खिळे आहेतच, त्यामुळे लहान मुलांसाठी तीही नको. दहावीच्या पुढच्या मुलांना, आधी शुभवर्तमान वाचून आणि आईवडील शेजारी बसून घरी दाखवायला हरकत नाही. भारतात प्रौढ प्रमाणपत्राचा चित्रपट जाहीर खेळात १८ वर्षांखालच्यांना दाखवता येत नाही, तो चर्चच्या सभागृहात असला तरीही. धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी प्रश्न १ मधला 'जीझस' किंवा 'दयासागर' घ्या.

१७. धर्मग्रामात फुकट दाखवणार आहोत, मग परवानगी कशाला?

तिकीट नसलं तरी तो जाहीर खेळच होतो आणि त्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. घरच्या वर्गणीवर ओटीटीवरून पडद्यावर लावणं किंवा विकत घेतलेली डीव्हीडी सभागृहात चालवणं, या दोन्ही गोष्टी घरगुती वापराच्या अटींबाहेर जातात. हक्क भारतात सध्या कुणाकडे आहेत ते शोधा, तारीख, जागा आणि प्रेक्षकसंख्या कळवून लेखी होकार घ्या, आणि तो हातात पडल्यावरच पत्रक छापा. होकार आला नाही तर त्या संध्याकाळी क्रूसाची वाट करा, आणि मत्तयाचे ते दोन अध्याय तीन-चार जणांनी मिळून मोठ्याने वाचा.